उजव्या दिव्याचं आमंत्रण

पुढच्या टेम्पोचा उजवा दिवा म्हणजे आमंत्रण, असं मी एकदा समजले होते. त्यामुळे नणंदेच्या मुलीच्या लग्नाला मी पोचले, पण पातेऱ्याच्या, म्हणजे वाळक्या पानांच्या ढिगातून!

तेव्हा माझी पस्तिशी, नवी स्कूटर आणि आठ दिवसांचं लायसन. परीक्षेत साहेबांनी विचारलं होतं, "पुढच्या गाडीचा उजवा दिवा लुकलुकला तर?" मी घडाघडा म्हटलं, "ती उजवीकडे वळणार. आपण मागे थांबायचं." पास! घरी आमच्या ह्यांनी (जन्मभर एसटीने फिरलेले!) ज्ञान दिलं, "अगो, ता परीक्षेपुरता. रस्त्यार उजवो दिवो म्हणजे डायवर सांगता, जा पुढे, वाट मोकळी आसा!" आणि मी कायदा सोडून नवऱ्यावर विश्वास ठेवला. (तो एकदाच!)

नवरीच्या मुंडावळ्या करायचं काम माझं. लग्नाच्या सकाळी नणंदेचा रडवेला फोन, "वयनी, मुहूर्ताक पाऊण तास रवलो! मुंडावळ्यो खंय?"

"ही इलंय!" म्हणत मी त्या डिकीत टाकल्या आणि नणंदेच्या गावाच्या, तोंडवलीच्या वाटेला लागले.

पुढे केळीचे खांब भरलेला एक टेम्पो, रमतगमत चाललेला. सुरूच्या झाडांतून ऊन झिरपत होतं, पलीकडे समुद्र घोरत होता, केळीची पानं माझ्यासाठीच हलत होती. मी तरंगायलाच लागले! मी मांडवात शिरतेय, पोपटी शालूत, स्कूटरवरून, सनईवाला सूर विसरलाय, बायका कुजबुजतायत, "कोण गो ती?"; नवरी धावत येऊन गळ्यात पडतेय...

टिक-टिक! टेम्पोचा उजवा दिवा.

किती सभ्य माणूस! मी पदर खोचला, हॉर्न दाबला आणि उजवीकडून पुढे घुसले.

टेम्पोही उजवीकडेच वळला!

"अगो बाय माझे, थांब!" डायवर किंचाळला. त्याने ब्रेक दाबला. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा आंब्याखाली कुणीतरी सुका पातेरा रचून ठेवला होता, त्यात स्कूटर आडवी, मी तिच्या शेजारी आणि अंबाड्यात काटकी.

"दिवो लावन पुढे जा सांगतंस, नि मगे आडवो येतंस?" मी ढिगातूनच भांडले.

"वयनीनु, माका वळूचा होता म्हणान दिवो दिलंय! लग्नघर हयच आसा!"

मी मान वर केली. समोर नणंदेचा मांडव. स्वप्नात मी ज्यात शिरत होते, तोच! नुसती टेम्पोच्या मागे राहिले असते, तरी दारात उतरले असते.

डिकी उघडली. मुंडावळ्या शाबूत होत्या, पण हातातलं घड्याळ बंद पडलेलं. तेवढ्यात टेम्पोच्या केबिनमधून धोतर सावरत भटजी उतरले.

"भटजीनु, मुहूर्त चुकलो काय हो?"

भटजींनी आधी मला पाहिलं, मग आडव्या स्कूटरला, आणि शांतपणे म्हणाले, "बाय गो, माका मागे टाकून पुढे जातलंस ता बरा, पण मंगलाष्टकां काय तुझो हॉर्न म्हणतलो होतो?"