डी, एस, जी, एच म्हणजे केळी

मी नांदेडच्या ज्या कंपनीत नोकरी करते ती केळीची रोपं तयार करते. रोपवाटिका अर्धापूरच्या रस्त्याला आहे, ऑफिस शहरात. मी मूळची जळकोट तालुक्यातली, शिकले लातूरला. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिलीच. म्हणून कंपनीची वेबसाइट जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिमवर न्यायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं, तेव्हा मी लगेच घरी फोन केला. आईला त्यातलं फारसं कळलं नाही. "सांभाळून ने म्हणजे झालं," ती म्हणाली, जणू मी अंड्यांची पाटीच नेणार होते.

जुन्या वेबसाइटवर लोक सगळ्यात जास्त वाचायचे ते 'विचारा' हे पान. शेतकऱ्यांचे फोन यायचे. आमच्या ऑफिसातल्या काकू प्रश्न त्या माणसाच्याच शब्दांत लिहून घ्यायच्या, रोपवाटिकेतल्या तज्ज्ञांकडून उत्तर आणायच्या आणि दोन्ही टाइप करायच्या. काकू भोकरच्या. मराठी टायपिंगची परीक्षा त्यांनी लग्नाआधी दिलेली, तीही खऱ्याखुऱ्या टाइपरायटरवर. कीबोर्डकडे त्या बघतही नसत. मी मात्र इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिते. त्यावर त्या हसायच्या, "केळी लिहायला इंग्रजीच्या दारातून जायचं व्हय गं?"

एकदा केबिनमध्ये साहेब मला म्हणाले, "नवीन सिस्टिम चालू झाली की टायपिंगचं काम राहणार नाही. काकूंना ती जमायचीही नाही. त्यांना अर्धापूरला गेटवर गाड्यांच्या रजिस्टरला बसवू. चालेल ना?"

मी म्हणाले, "हो, सर."

नोकरीला लागून मला सहाच महिने झाले होते. 'नाही' म्हणता येतं, हे तेव्हा मला सुचलंच नाही. दुपारी काकूंनी नेहमीसारखी अर्धी भाकरी आणि चटणी माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली. मी मान खाली घालून खाल्ली.

पानं नव्या सिस्टिमवर यायला लागली. फोटो आले, पत्ता आला, रोपांची माहिती आली. 'विचारा' उघडलं, तर नुसती इंग्रजी अक्षरं, कशाला कशाचा मेळ नाही. जुनी सगळी पानं एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. नव्या सिस्टिममध्ये तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे मराठी गेली आणि मागे नुसत्या दाबलेल्या बटणांची अक्षरं उरली. पहिलाच शब्द सुरू होत होता डी, एस, जी, एच असा. जुना सर्व्हर शुक्रवारी बंद होणार होता. साहेब म्हणाले, "काढून टाक ते पान. पुन्हा लिहून घेऊ कुणाकडून तरी."

मी तशीच स्क्रीनकडे बघत बसले होते. काकू पेन मागायला आल्या, माझ्या खांद्यावरून वाकल्या आणि वाचायला लागल्या, "केळीची बुडाशी फुटलेली पिलं कधी कापावी? पैलं पिलू ठेवलं तर चालतंय का?"

"कुठं लिहिलंय, काकू?"

"हे काय, वाचून राहिले ना मी! डी म्हणजे क. एस म्हणजे मात्रा. मोठा जी म्हणजे ळ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. केळी. मशीनवर याच जागेवर हीच अक्षरं होती."

मला जो कचरा वाटत होता, तो काकू बातमीसारखा घडाघडा वाचत होत्या.

अक्षरं बदलून देणारं एक साधन मला इंटरनेटवर सापडलं. पण ते चुका करायचं. पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसायची, 'पिलं'चं 'पलिं' व्हायचं. म्हणून आम्ही शेजारी खुर्च्या टाकल्या. काकू मूळ अक्षरं वाचायच्या, मी दुरुस्त करायचे. प्रत्येक प्रश्नामागचा माणूस त्यांना आठवत होता.

"ह्याचा दर वर्षी हाच प्रश्न. उत्तर नको असायचं त्याला, बोलायला माणूस पायजे असायचं."

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. गेटचं सगळं मी त्यांना सांगून टाकलं, मी 'हो' म्हणाले तेही.

"मला ठाऊक हाय," स्क्रीनवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "केबिनचं दार नीट लागत न्हाई."

"म्हणजे त्या दिवशीच ऐकलं तुम्ही? आणि तरी मला भाकरी दिली?"

"मग काय उपाशी ठेवू तुला? वाच पुढलं."

त्या संध्याकाळी मी शोधत बसले. टाइपरायटरच्या जुन्या मांडणीचा कीबोर्ड नव्या मराठी अक्षरांसाठीही मिळतो, हे मला माहीतच नव्हतं. शिकलेली मी होते, पण काकूंच्या बोटांना काय येतं हे मी कधी विचारलं नव्हतं. सकाळी त्या मांडणीचं सॉफ्टवेअर त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि केबिनमध्ये गेले. "सर, त्या दिवशी मी हो म्हणाले ते चुकलं. काकूंना नवीन सिस्टिम जमते. तुम्ही बघायला या."

साहेब आले. मी एक प्रश्न वाचायला घेतला. माझं वाक्य संपायच्या आत काकूंचं टाइप होऊन गेलं होतं. साहेबांनी स्क्रीनवर वाकून ते वाचलं. मग म्हणाले, "इतक्या भरभर तर मला बोलताही येत नाही." जाताजाता वळून म्हणाले, "'विचारा' तुमच्याकडेच राहू द्या, काकू. गेटचं बघतो मी."

काकूंनी पदराने चष्मा पुसला. मग दुरुस्त करून झालेलं 'विचारा' पान उघडून स्क्रीनवरच्या 'प्रकाशित करा' या बटणावर बाण नेऊन थांबल्या. इतकी वर्षं त्यांनी टाइप केलेलं दुसरंच कुणीतरी वेबसाइटवर चढवायचं.

"दाबू?"

"दाबा ना."

त्यांनी दाबलं. मी माझ्या फोनवर ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. फोन लांब धरून त्यांनी ओठ हलवत सगळं वाचलं.

"एक अनुस्वार राहिलाय गं," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून तो द्यायला बसल्या.