मुंजाबाचा गुलाल

"देव पावसाचं सांगतो, माणसाचं नाय," असं मुंजाबा नेहमी म्हणायचा.

कन्नडच्या घाटाजवळ आमची धनगरवाडी. चैत्रात बिरोबाच्या यात्रेला मुंजाबा कपाळभर भंडारा लावून भाकणूक सांगायचा. पाऊस कोणत्या नक्षत्रात, चारा कोणत्या अंगाला. त्यावर आमचे कळप वाट धरायचे. घरात तो एकटाच. बायको गेलेली, लेकरू नव्हतं. वर्षातून एकदा सगळी वाडी त्याच्यापुढं बसायची, तेवढाच त्याचा गोतावळा.

पोलीस ॲक्शननंतर चौदा वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. गावातल्या काहींना गायरान नांगरायचं होतं. ते वाचवायला आमच्यातला कडूबा उभा राहिला.

"मामा, यात्रेत देवाच्या तोंडून माझं नाव येऊ द्या," तो म्हणाला.

"देव काय तुझी दवंडी पिटणार व्हय रं?" मुंजाबा हसला.

पण यात्रेत पावसाचं सांगून झाल्यावर तो थांबला. गायरानाकडं बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "गुलाल कडूबाचा."

वाडी नाचली.

मतदान आलं तेव्हा आम्ही मेंढरं घेऊन पैठणकडं, गोदाकाठी होतो. कडूबाचा भाऊ रामकिसन एसटीनं बोलवायला आला. मीच त्याला म्हणालो, "देवानं गुलाल टाकलाय. आता आमच्या शिक्क्यानं काय वाढणार? च्या पी अन् जा."

कुणी गेलं नाही. कडूबा नऊ मतांनी पडला. आमच्या तळावरच एकोणीस मतं होती.

पुढच्या चैत्रात देवळाच्या ओट्यावरून गायरानातली नांगराची तासं दिसत होती. पुजारी आप्पानं सावरून घेतलं, "देवानं आपली परीक्षा पाहिली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मुंजाबा नुसता गप्प राहिला असता तरी भागलं असतं. तो उठला.

"देव बोलला नव्हता. मी बोललो."

आप्पानं त्याच्यापुढचं भंडाऱ्याचं ताट उचललं आणि वाडीतल्या तरण्या बन्सीपुढं ठेवलं.

मुंजाबानं घोंगडी खांद्यावर टाकली. आपली अकरा मेंढरं सोडली आणि नांगरलेल्या रानाला वळसा घालून घाटाकडं निघाला. इकडं भाकणूक सुरू झाली होती. सगळ्यांची तोंडं बन्सीकडं. मी तेवढा पाहत होतो, तो खाली उताराला लागेपर्यंत.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती.