काळ्या पेनावरची रेघ

या घरात पेन बनवण्याचं काम दोघांत वाटलेलं होतं आणि ती वाटणी वडिलांनी केली होती. मुलगा लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, उभा राहील, ॲक्रिलिकच्या कांडीला भोक पाडून तिला पेनाचा आकार देईल. मुलगी तो आकार घासून चकचकीत करील. मुलीचा हात हलका आहे, असं कारण देण्यात आलं. पुढे मुलीचं लग्न झालं, मुलं झाली, ती मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, वडील गेले. पण कारखान्याच्या मागच्या खोलीतलं तिचं स्टूल जागचं हललं नाही. आता तिने पन्नाशी ओलांडली आहे. धाकटा भाऊ, भावजय, गिऱ्हाइकं, शेजारचा चहावाला, सगळे तिला ताई म्हणतात.

लेथवरून उतरलेलं पेन दिसायला अगदी बापडं असतं. पांढुरकं, खरखरीत, अंगभर बारीक कड्या. मग ते पाण्यात भिजवलेल्या घासकागदाने घासायचं. आधी जाडा कागद, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. दर वेळी पेन पुसायचं, हात धुवायचे, परातीतलं पाणी बदलायचं. जाड्या कागदाचा एक कण जरी मागे राहिला तरी तो केलेलं सगळं ओरबाडून टाकतो. नुसतं गोल गोल घासलं तर गोल ओरखडे राहतात, म्हणून फिरतं पेन थांबवून लांबीच्या दिशेनेही घासायचं. घाईने जोर दिला तर ॲक्रिलिक तापतं आणि धुरकट होतं. शेवटी कापडी चाकावर पॉलिश. यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि हे सांगायला ती दुसऱ्या कुणाची वाट बघत नसे. “माझ्या पेनात बघून भांग पाडा,” असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. टकलू गिऱ्हाइकालासुद्धा.

पुढच्या खोलीत दोन लेथ होते. एक भावाचा. दुसरा वडिलांचा, ते गेल्यापासून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेला. ताईला तो हवा होता. कांडीपासून चकाकीपर्यंत अख्खं पेन एकटीने करायचं होतं.

“आता या वयात?” भाऊ म्हणाला.

“मग कधी? पुढच्या जन्मी?”

“बोट जाईल एखादं.”

“तुझी आहेत ना सगळी?”

भावजय समोर बसून टोपणांना क्लिपा लावत होती. तिने मान वर न करता नवऱ्याला विचारलं, “ताई लेथवर गेल्या तर मागे घासायला कोण बसणार, हे सांगा की खरं.”

भाऊ चहा पीत राहिला.

वडिलांची एक रीत होती. लेथ मागणाऱ्याने काळं पेन करून दाखवायचं. रंगीत, ढगाळ ॲक्रिलिकमध्ये ओरखडे लपतात. काळा रंग काहीच पोटात ठेवत नाही. ते पेन खिडकीपाशी उजेडात धरून बघायचं आणि दोष दिसला की परत करायचं. भावालाही वडिलांनी बरंच रखडवलं होतं. त्यामुळे त्याला ही रीत मोडता येईना.

“कर,” तो म्हणाला. “पण जेवणाच्या सुट्टीत. दोनदा बघीन. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

“आणि जमलं तर लेथ माझा.”

“तुझा.”

ताडपत्री निघाली. भाऊ जेवून आडवा झाला की ताई लेथ सुरू करी. भोक पाडताना कांड्या तडकल्या. एकीत हत्यार इतकं खोल घुसलं की कांडीचे दोन तुकडे झाले. भावजयीने ते तुकडे गोळा करून डब्यात ठेवले. “कपडे टांगायला खुंट्या होतील,” ती म्हणाली. ताईने आणखी कांड्या तोडून तिला खुंट्या वाढवून दिल्या, पण थांबली नाही.

पहिलं काळं पेन तयार झालं तेव्हा त्यात छताचा पंखा पात्यांसकट दिसत होता. भावाने ते खिडकीकडे नेलंच नाही. डोळे मिटून टोपणावरून दांड्याकडे अंगठा फिरवला.

“पायरी लागतेय.”

ताईने अंगठा फिरवला. टोपण संपून दांडा सुरू होत होता तिथे उतार लागत होता, अगदी बारीक, पण होता. तिच्या नवख्या हाताने दांड्यावर कड्या खोल पडल्या होत्या. त्या जाईपर्यंत ती घासत राहिली आणि दांडा टोपणापेक्षा बारीक झाला. घासण्यात जाणारा माल भाऊ कातताना आधीच जास्त ठेवत असे. इतकी वर्षं तिच्या हातात टोपण आणि दांडा सुटे यायचे. जोड जुळतो कसा, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

“सांगायचं होतंस की.”

“विचारायचं होतंस की.”

ताईने पेन परत घेतलं आणि त्या दिवशी घरी लवकर गेली.

दुसऱ्या पेनाला तिने माल राखून ठेवला. टोपण दांड्यावर घट्ट फिरवून बसवलं आणि दोन्ही मिळून एकच कांडी असल्यासारखं शेवटपर्यंत घासलं. पेन भावाच्या हातात दिलं तेव्हा भावजयीनेही क्लिपा बाजूला ठेवल्या.

भावाने अंगठा फिरवला. या वेळी पायरी लागली नाही. खिडकीपाशी गेला, पेन डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“रेघ आहे,” तो म्हणाला.

“कुठे?”

“ही काय. टोपणावर. तिरकी.”

भावजयीच्या तोंडून चक् असा आवाज निघाला. ताई जवळ गेली, वाकून बघितलं. रेघ होती. तिने पेन हातात घेतलं नाही.

“फिरव.”

“काय?”

“बोटांत फिरव पेन.”

भावाने पेन फिरवलं. रेघ तिथेच होती. त्याने पूर्ण फेरा दिला. टोपण फिरलं, दांडा फिरला, रेघ मात्र जागची हलली नाही.

“पेनावरची रेघ असती तर पेनाबरोबर फिरली असती,” ताई म्हणाली. “वर बघ.”

त्याने वर बघितलं. खिडकीच्या काचेला कोपऱ्यातून एक तिरका तडा गेलेला होता. पेनात तो जसाच्या तसा उतरला होता.

“काच बदला म्हणून मी घसा कोरडा केला,” भावजय म्हणाली. “बरं झालं ऐकलं नाहीत.”

भावाने हार मानायला थोडा वेळ घेतला. पेन दारात नेलं, ट्यूबलाइटखाली धरलं. ट्यूबची पांढरी पट्टी टोपणावरून दांड्यावर सरळ गेली. जोडाशीही मोडली नाही.

“ठीक आहे,” तो म्हणाला.

“ठीक म्हणजे?”

“म्हणजे झालं.”

“काय झालं?”

“लेथ तुझा झाला, ताई. आता लिहून देऊ का?”

“दे. याच पेनाने दे.”

मागे घासायला कोण बसणार, हा भावजयीचा प्रश्न तेवढा उरला होता आणि त्याला एकच उत्तर होतं. आता एका दिवशी भाऊ कातकाम करतो आणि ताई घासते, दुसऱ्या दिवशी उलट. ताई कातलेलं पेन त्याच्याकडे देते, घासून झालं की स्वतः उजेडात धरून बघते आणि बऱ्याचदा परत पाठवते. परवा एका गिऱ्हाइकाचा फोन आला. भावजयीने फोन हातात धरून विचारलं, “ताई, त्यांचं पेन कधी होईल?”

“माझ्याकडचं काम केव्हाच झालंय,” ताई लेथ न थांबवता म्हणाली. “मागच्या खोलीत विचार.”