उखळात उरलेले तिखट
कुटलेल्या मिरचीचा वास आला की मला ती दुपार आठवते. एका मुक्तस्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्रोग्रामरांसाठीच्या माहितीपुस्तिकेत मी लिहिले होते, की काम झाल्यावर प्रोग्रामने संगणकाला परत केलेली मेमरी आपोआप पुसली जाते. ते चूक होते; त्या भरवशावर लोकांचे पासवर्ड तिथेच उघडे राहिले असते. त्या पुस्तिकेसह सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तासाभरात निघणार होती आणि घरची वीज गेलेली. लॅपटॉप कवटाळून मी जनरेटरवर चालणाऱ्या डंकावर, म्हणजे मसाला कांडपाच्या गिरणीवर, धावले. लॅपटॉप विजेला जोडता जोडता तिथल्या मावशींना सारे सांगितले. “व्हय की! आधीच्या बाईचं तिखट काढलं तरी उखळात ऱ्हातंयच. पुसल्याबिगर दुसरीचं घालायचं न्हाय!” तेच मी मेमरीबद्दल लिहून पाठवले, की आपोआप काही पुसले जात नाही, परत करण्याआधी स्वतः पुसा; पण आवृत्ती नुकतीच निघून गेली होती. आजही माझ्या मिरच्या घालण्याआधी मी ते उखळ दोनदा पुसून घेते.