रस्त्यावरची लाखोरी

आमच्या गावात कोणाचं काहीही बिघडलं की नाव ट्रकवाल्याचं निघायचं. कुत्रं मेलं, ट्रकवाला. वासराचा पाय मोडला, ट्रकवाला. एका वर्षी शेजारच्या म्हशीनं दूध चोरलं, तर तेही भोंग्याच्या आवाजानं ती बिचकली म्हणूनच, असं पारावर ठरलं. गाव भंडाऱ्याकडच्या शहापूरजवळ, अगदी मोठ्या रस्त्याला लागून. मुंबईकडून कलकत्त्याकडे जाणारी सगळी वाहतूक आमच्या दारावरून जायची. त्यामुळे शिव्यांना कधी खंड पडला नाही.

शिव्या अगदीच खोट्या होत्या असंही नाही. ऐंशी सालाच्या आसपासचा तो रस्ता म्हणजे मधोमध डांबराची एक अरुंद पट्टी आणि दोन्ही बाजूंना मुरूम. डांबर उंच, मुरूम खाली, दोघांच्या मध्ये खरबडलेली कडा. समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीला चाकं मुरमावर उतरवावी लागत. सायकलवाल्याला मात्र कोणीही आलं तरी उतरावं लागे. मागून भोंगा वाजला की सायकल मुरमावर घ्यायची, ट्रक जाऊ द्यायचा, धूळ खायची आणि पुन्हा डांबरावर चढायचं. कडेवर चाक घसरलं तर तोंड फुटायचं. जो उतरणार नाही त्याला ट्रकवाला इतक्या जवळून घासून जाई की पुढच्या खेपेला तो आपसूक उतरे.

मी त्या रस्त्यानं भंडाऱ्याच्या कॉलेजात जात होते. आमच्या गावातून सायकलीवर कॉलेजला जाणारी मी पहिलीच मुलगी. सायकल बाबांची, दांड्याची. ती मी लहानपणीच कैंची मारून शिकले होते. पंजाबी ड्रेस घालून दांड्यावरून पाय टाकला की पारावरच्या म्हाताऱ्यांची मान वळायची. आईला त्याची लाज वाटे, बाबांना वाटत नसे. निदान ते तसं म्हणत. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. ते झालं की बी.एड. करायचं आणि मास्तरीन व्हायचं, एवढं एकच मी ठरवलेलं होतं. माझ्या मैत्रिणी एव्हाना कडेवर लेकरं घेऊन माहेरपणाला येत होत्या. माझ्याजवळ ते एक वर्ष होतं, दुसरं काही नव्हतं.

राइस मिलचा एक ट्रक रोज त्याच वेळेला धान भरून भंडाऱ्याकडे जायचा आणि दुपारी कोंडा भरून परत यायचा. त्याचा ड्रायव्हर माझा हाडवैरी. डोक्याला लाल दुपट्टा, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि भोंगा असा की पोटातलं पाणी हालावं. मी उतरायची नाही. तो मागे येऊन भोंग्यावर हात ठेवूनच चालायचा. शेवटी खिडकीतून ओरडायचा, "ओ मास्तरीनबाई, उतरा ना खाली! रस्ता का तुमच्या बापाचा हाय?"

"तुमच्याही बापाचा नाही!" मी ओरडायची.

असं कितीतरी दिवस चाललं. दोनदा त्यानं मला खरोखर खाली लोटल्यासारखं केलं. एकदा माझी पुस्तकं चिखलात गेली, तेव्हा तो थांबलाही नाही. तो भला माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. कॅरिअरला बांधलेल्या पुस्तकांवरून त्यानं मला मास्तरीन हे नाव पाडलं होतं. चिडवण्यासाठीच, पण गावात तर तेवढंही कोणी म्हणत नव्हतं.

भंडाऱ्यात शिरलं की निराळीच तऱ्हा. तिथे चौकात सायकली इतक्या, की मोटारीच बिचाऱ्या अडकून पडत. जीपवाला भोंगा वाजवून वाजवून दमे आणि कोणी ढुंकून पाहत नसे. सायकलरिक्षावाले तर मुद्दाम रिक्षा आडवी घालत. तिथे मला फार बरं वाटायचं. घरी येऊन मी ते सांगितलं की बाबा हसायचे. म्हणायचे, "तिथं तुमचं राज्य, इथं त्याहिचं."

माघ सरला की आमच्याकडे लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, निघते. धान कापायच्या आधीच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, तिचं बी टाकलेलं असतं. धान गेल्यावर त्याच ओलीवर ती येते. उपटायची, वाळवायची आणि चुरायची. चुरायला खळ्यावर बैल फिरवावे लागतात. पण दारावरून फुकटची चाकं जात असताना बैलांना कोण शिणवतो? रस्त्याकाठचं सगळं गाव लाखोरी डांबरावर पसरायचं. ट्रक वरून गेले की शेंगा फुटायच्या. संध्याकाळी बायका झाडू घेऊन जायच्या, दाणे गोळा करून सुपानं उफणायच्या. वर्षभर ज्यांच्या नावानं बोटं मोडायची, त्यांच्याच चाकाखाली आपलं पीक घालायचं. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मलाही कधी वाटलं नव्हतं.

वावगं वाटायचं ड्रायव्हरांना. वाळलेले वेल चाकाच्या आसात गुंडाळले जातात, गरम होऊन पेटतातसुद्धा. म्हणून ते लाखोरी चुकवायचे, एका बाजूची चाकं मुरमावर उतरवून कडेकडेनं काढायचे. म्हणजे फुकटचे बैलही अर्धेच काम करायचे. त्या वर्षी बाबांनी त्यावर तोड काढली. बांधावरचे मोठाले दगड आणून त्यांनी आमच्या लाखोरीच्या दोन्ही अंगांना, मुरमावर, ओळीनं मांडले. दगडांच्या मध्ये बाभळीच्या फांद्या टाकल्या. आता ट्रकला खाली उतरायला जागा नाही, जायचं तर लाखोरीवरूनच. शेजारच्या काकांना ती युक्ती फार आवडली. म्हणाले, "आता कुठं पळते पाहू बेटा!"

मुरूम ही सायकलवाल्याची जागा आहे, हे त्या दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, असं मी तेव्हा धरून चालले.

सकाळी मी त्या जागी उतरून, सायकल हातात धरून पायी गेले होते. दव होतं, वेल ओले होते, रस्त्यावर कोणी नव्हतं. दुपारी परतले तेव्हा ऊन कडक होतं. वेल वाळून गवतासारखे सरकत होते, आणि लाखोरीच्या अर्ध्यात पोचते न पोचते तोच मागून तो भोंगा आला. ओळखीचाच. वळून पाहिलं नाही. एरवी अडून बसणारी मी, पण चाकाखालचे वेल सरकताना पाहून मला भीती वाटली आणि त्या दिवशी, घाईत दगडांचं भान न राहून, मी शहाण्यासारखी खाली उतरायला गेले. पुढचं चाक कडेवरून उतरलं आणि थेट दगडावर आदळलं. सायकल उलटली. मी उलट्या अंगानं परत डांबरावर, लाखोरीत येऊन पडले. उजवा हात अंगाखाली आला आणि कोपरात काहीतरी तुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

ट्रकनं ब्रेक मारला. वेलांवरून तो घसरत आला, आणि ड्रायव्हरनं स्टिअरिंग असं काही फिरवलं की ट्रक दगड उडवत रस्ता सोडून खाली गेला आणि आमच्याच बांधीत नाक खुपसून थांबला. मला त्याचा धक्का लागला नाही. साधा वारासुद्धा लागला नाही. तो उडी मारून माझ्याकडे धावत आला. "मास्तरीनबाई, लागलं का? कुठं लागलं?" एवढंच तो म्हणत होता.

तेवढ्यात गाव आलं. खळ्यावरून, पारावरून, घराघरांतून. कोणी विचारलं नाही, कोणी पाहिलं नाही. पोरगी रस्त्यावर पडलेली, ट्रक शेतात, म्हणजे झालं. आधी त्याचा दुपट्टा ओढला, मग त्याला. मी ओरडत होते, "त्यानं नाही धडकवलं! मीच पडली, दगडावरून पडली!" एका बाईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "पोरगी भेवानं काहीबाही बोलून राहिली." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या दिवशी आडवी पडून पाहिली. त्याचं तोंड रक्तानं भरलं होतं. तो हात जोडत होता, आणि मारणाऱ्यांत माझे दोन चुलतभाऊ होते.

बाबा आले. माझ्यापाशी बसले, माझ्या तोंडावरून हात फिरवला, "जीव हाय ना, बस," म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगणार नाही. मग ते उठले. मला वाटलं ते त्याला मारातून सोडवायला चालले. पण ते दगडांकडे गेले. एकेक दगड उचलून त्यांनी शेतात फेकला. बाभळीच्या फांद्या ओढून नेल्या. काकांनी लाखोरी ताडपत्रीवर गोळा करायला घेतली. पोलीस यायच्या आधी रस्ता लख्ख झाला होता. लग्नाच्या दिवशीही आमच्या दारापुढे इतकी सफाई कधी झाली नसेल.

मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं तेही दुसऱ्या एका ट्रकनंच. आमच्या गावात दुसरी गाडी कुठे होती?

हात प्लास्टरमध्ये असताना मी बाबांना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, "बाबा, तो ड्रायव्हर चुकला नाही. दगड होता. आपला दगड."

बाबा म्हणाले, "तुले डोक्याले मार लागला होता पोरी. नीट आठवत नसन."

"डोक्याले नाही, हाताले लागला. सगळं आठवते."

"बाहेर बोलू नोको," ते म्हणाले आणि उठून गेले.

हवालदार घरी आला तेव्हा माझ्या वाटचं बाबाच बोलले. मी आतून ओरडून सांगितलं, तर आईनं दार लोटून घेतलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा धडा मला कॉलेजात शिकावा लागला नाही. त्या ड्रायव्हरचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. मिलचा ट्रक पुन्हा सुरू झाला, पण चालवणारा दुसरा होता.

परीक्षा गेली. पुढच्या वर्षी देईन म्हटलं. डॉक्टर म्हणाले होते की कोपर पूर्ण सरळ होणार नाही, पण लिहिता येईल. आणि लिहिता येतही होतं. पण बाबा पुढच्या वर्षाचं नावच काढेनात. मी काढलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "ट्रकवाले माणसं नाहीत बाई, राक्षस हायत. जवान पोरीचा जीव का मी रस्त्यावर टाकू?" हे ते इतक्या लोकांपुढे, इतक्या वेळा म्हणाले की शेवटी त्यांचा त्यावर विश्वासच बसला असावा. गावानं माना डोलावल्या. पाहुण्यांनी डोलावल्या. मी जेवण सोडून पाहिलं, भांडून पाहिलं, मामांकडे कोंढ्याला निरोप धाडून पाहिला. मामा आले, लाखोरीच्या डाळीचे वडे खाऊन, बाबांचंच बरोबर म्हणून गेले. खरं कारण सांगितलं असतं तर बाबांना एकदाच मान खाली घालावी लागली असती. त्याऐवजी त्यांनी माझं कॉलेज बंद केलं. मला तेव्हाही ते कळत होतं. पण बाप चुकला असं म्हणणं जड जात होतं. मी मनातल्या मनात सारवासारव करत राहिले, की त्यांना दगडांचं खरंच सुचलं नसेल, खरंच घाबरले असतील, पोरीवर माया असते.

त्या पावसाळ्यात धाकटा भाऊ कॉलेजात गेला. त्याच रस्त्यानं, त्याच सायकलीवर. राक्षस तेच होते. त्याला कोणी अडवलं नाही. मी त्याला डबा बांधून द्यायची.

पुन्हा माघ सरला, लाखोरी निघाली. बाबांनी आणि काकांनी ती रस्त्यावर पसरली. मी त्यांच्यासाठी पाण्याची चरवी आणि गडू घेऊन गेले. ट्रक येत होते आणि नेहमीप्रमाणे कडेनं उतरून निघून जात होते. काका वैतागले. म्हणाले, "दादा, गोटे काहून नाही ठेवले या सालाले? पाहा ना, सारेच्या सारे बाजूनं पळून राहिले."

बाबा वेल सारखे करत होते. मान वर न करता म्हणाले, "नोको ठेवू. पोरगा सायकलीनं जाते ना याच रस्त्यानं. आदळला-बिदळला म्हणजे?"

काका "हो, तेही खरंच" म्हणाले आणि दुसरं बोलू लागले. मी दोघांच्या मध्ये उभी होते. वर्षभर मनाशी केलेली सगळी सारवासारव त्या एका वाक्यानं धुऊन गेली. त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. मला माझ्या बापाचा त्या घटकेला जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात दुसऱ्या कोणाचाही आला नाही, त्या भोंग्यावाल्याचाही नाही.

बाबांनी वर पाहिलं. मी तिथे आहे हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं. त्यांचा चेहरा उतरला. काही बोलतील म्हणून मी थांबले. त्यांनी पाणी मागितलं. उजवा हात तेवढा लांब होत नव्हता, म्हणून मी डाव्या हातानं गडू पुढे केला.