चार बोटं मागे

छायाचित्रांच्या प्रदर्शनात लोक दोन पावलं मागे सरकतात, मान तिरकी करतात आणि "वा!" म्हणतात. हेतराम पटले दोन पावलं पुढे सरकले. खिशातून नकाशे वाचायचं भिंग काढून, नाक जवळजवळ काचेला टेकवून, गोंदियाच्या त्या सभागृहातला एकेक पक्षी ते तपासू लागले. आमच्या पक्षीमित्र मंडळाचे अध्यक्ष शेजारीच उभे होते. त्यांच्या अंगात झाडोऱ्याच्या रंगाचं जाकीट होतं. एसी लावलेल्या सभागृहात ते कोणापासून लपत होते, हे मला अजून कळलेलं नाही.

"पटलेजी, थोड़ा पीछे से देखिए, तब पूरा दिखेगा," अध्यक्ष म्हणाले.

"पुरा तं दारातून बी दिसते जी. मी डोळा पाहून राह्यलो. याचा डोळा धुरकट, शेपूट मस्त साफ. फोटो पाखराचा काढला का शेपटाचा?"

फोटो अध्यक्षांचाच होता. त्या दिवसापासून मी पटलेकाकांच्या मागे लागलो.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. तलावाच्या पाळीवर तिपाई रोवायची, तिच्यावरच्या दुर्बिणीतून दूर उभ्या केलेल्या पट्टीवरचे आकडे वाचायचे आणि जमिनीचा चढउतार लिहायचा. या कामाने त्यांना एक सवय लावली, ती म्हणजे कशावरही एकदम विश्वास न ठेवणं. "एका रीडिंगवर भरोसा ठेवला तं पाणी उलटं जाते," असं ते म्हणत आणि जाऊन पुन्हा उलट बाजूने मोजून येत. चहाचा आधी वास घेत. डॉक्टरने रक्तदाब सांगितला की "दुसऱ्या हाताचा घ्या" म्हणत. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे असं सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "कार्डावर जे लिवलं राह्यते तेच पुस्तक आत राह्यते काय, हे कोण पायते?" कोणीच पाहत नाही, हे मला त्या दिवशी कबूल करावं लागलं.

अशा माणसाच्या नावावर एक नोंद होती. चोरखमारा तलावाच्या पाणवेलीत त्यांनी एका हिवाळ्यात वटवट्या हा छोटा पक्षी अगदी जवळून कॅमेऱ्यात टिपला होता. त्याच्यासारखे दिसणारे त्याचे तीन-चार भाऊबंद आपल्याकडे नेहमीचेच. हा मात्र आपल्या जिल्ह्यात येत नाही, असं पुस्तकं सांगत. सगळा फरक डोळ्यावरच्या भुवईच्या रेषेत. मंडळाने ती नोंद यादीत घेतली आणि तलावाजवळ फ्लेक्स लावला. त्यावर अध्यक्षांचा फोटो पक्ष्यापेक्षा मोठा होता, पण खाली "जिल्ह्यातील प्रथम नोंद : श्री. हेतराम पटले" असं लिहिलेलं होतं. काका त्याबद्दल कधी बोलत नसत. फ्लेक्सजवळ आले की स्कूटर मात्र हळू होई.

मग एक दिवस त्यांनी आपली मोठी टेलिफोटो लेन्स आणि जुना कॅमेरा माझ्या हातात ठेवला. "हात हालून राह्यला आता. तुमी वापरा."

बदल्यात काही घेतलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. जो माणूस चहाचा वास घेतो, तो आपली लेन्स अशी देऊन टाकतो?

दोन रविवारी मी खंड्या, वेडा राघू, जे बसेल ते जवळून टिपलं. कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर सगळं सुंदर दिसलं. ग्रंथालयातल्या मोठ्या पडद्यावर लावलं आणि पक्षी साबणाचे निघाले. आकार बरोबर, रंग बरोबर, पण पिसाला कड नाही. मग मी ते केलं ज्याची मला आजही लाज वाटते. मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "काकांनी दिलेली लेन्स बिघडलेली दिसते. त्यांना माहीत असावं." दुसरं वाक्य लिहायची काही गरज नव्हती. त्याला अंगठे मात्र त्याच वाक्यामुळे भरपूर मिळाले.

सकाळी सहाला काका दारात. स्कूटरवर पायाशी कोंडा भरलेली पिशवी, मागे आडवी बांधलेली मोजणीची जुनी पट्टी.

"काका, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"म्हणाचंच होतं. शक करा ना जी, माह्यावर बी करा. पर शक घेऊन घरी कायले बसले? चला, मोजू."

चोरखमाऱ्याच्या पाळीवर त्यांनी आधी माझीच उलटतपासणी घेतली. किती वाजता येता? नऊला. कुठून काढता? गाडीतून, खिडकीवर लेन्स टेकवून, बॉनेटच्या दिशेला. हे मला अध्यक्षांनी शिकवलं होतं. गाडी म्हणजे आपलं झुडूप, असं ते म्हणत.

"गरम बॉनेटवरून पाखरू पायता? वरची हवा नाचून राह्यते, तिच्यातून काय दिसन? आम्ही ऊन चढल्यावर लांबचं रीडिंग घेतच नोहोतो. पट्टीवरचे आकडे पोहत."

त्यांनी लेन्सच्या तोंडावरची संरक्षक काच काढायला लावली. आकाशाकडे धरली तर तिच्यावर माझ्याच बोटांचे ठसे. शटरचा मंद वेग पाहिला आणि "झोपले होते काय?" एवढंच विचारलं. एव्हाना मी चार गुन्ह्यांत दोषी ठरलो होतो आणि लेन्स निर्दोष सुटणार, याची मला खात्री वाटू लागली होती. खरं सांगायचं तर हायसं वाटत होतं.

मग त्यांनी पट्टी पंधरा फुटांवर तिरपी ठेवली, एक टोक आमच्याकडे, दुसरं पलीकडे. कॅमेरा कोंड्याच्या पिशवीवर बसवला. थंड सकाळ, हवा निश्चल. पट्टीच्या मधल्या आकड्यावर फोकस करून मी फोटो काढला. दहा वेळा, दर वेळी फोकस मोडून नव्याने. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. पट्टी उलटी फिरवून आणखी दहा.

ग्रंथालयात ते वीस फोटो आम्ही मोठ्या पडद्यावर पाहिले. वीसही सारखे. आम्ही नेम धरलेला आकडा पुसट, आणि त्याच्या मागचा आकडा सुईसारखा धारदार. काकांनी पडद्यावर हात आडवा ठेवून मोजलं.

"चार बोटं मागे पडते," ते म्हणाले.

मी घाईने बोलायला लागलो. कॅमेऱ्याच्या आत ही चूक सुधारायची सोय असते, आकडा भरला की झालं. लांबच्या बगळ्याला चार बोटांनी काही फरक पडत नाही, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. आणि बॉनेट, काच, वेग या चुका माझ्याच होत्या. "मी आजच ग्रुपवर लिहितो, लेन्स उत्तम आहे, चूक माझी."

"मेहेरबानी कायले? रीडिंग काय आलं?"

"चार बोटं मागे."

"मंग तेच लिवा. आन लिवा का देणाऱ्याले मालूम नोहोतं. मालूम असाले पाहिजे होतं, हे बी लिवा."

ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "आता हे लावा."

आत वटवट्याचा, याच लेन्सने काढलेला तो फोटो होता. काय होणार हे दोघांनाही कळलं होतं. मी म्हणालो, "राहू द्या ना काका."

"लावा जी."

पाणवेलीची मागची काडी इतकी स्पष्ट होती की तिच्यावरच्या मुंग्या मोजता आल्या असत्या. पुढे बसलेला पक्षी साबणाचा. भुवई आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. काकांनी खिशातलं भिंग काढलं, पडद्याला लावलं, मग स्वतःच हसून खाली ठेवलं.

"तुम्ही तो डोळ्यांनी पाहिला होता ना?" मी विचारलं. आता मी त्यांचा वकील झालो होतो.

"पायला होता. आजबी दिसते. पर मले दिसलं, हे कोणाले दाखवू? दुसऱ्या कोणाचा असा फोटो असता तं मी काय म्हणलो असतो?"

त्यांनी काय म्हटलं असतं, ते मी प्रदर्शनात ऐकलं होतं.

अध्यक्षांना त्यांनी त्याच दिवशी नोंद रद्द करायला सांगितलं. "अरे पटलेजी, रहने दीजिए. बोर्ड छप गया है," अध्यक्ष म्हणाले. मंडळात नोंद पक्ष्यावरून होते की बोर्डावरून, हे तेव्हा स्पष्ट झालं. पुढच्या रविवारी मी तलावावर गेलो तर काका काळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन फ्लेक्ससमोर स्टुलावर उभे. हात हालत होता, त्यामुळे "प्रथम नोंद"च्या ओळीवर मारलेली रेघ वाकडी आली. खाली उतरून त्यांनी ती दुरून पाहिली, पुन्हा चढले आणि दुसरा हात मारला. लेन्स मी सुधारली. आता ती फार चांगली चालते. मी पहाटे जातो.

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. मंडळाने शोकसभा ठेवली. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. अध्यक्ष कागद पाहून वाचत होते, "जिले के लिए एक नए पक्षी की खोज करने वाले, महान पक्षीतज्ज्ञ..."

मी उभा राहिलो. शोकसभेत कोणी मध्येच बोलत नाही, हे मला माहीत होतं. "ती नोंद काकांनी स्वतः रद्द केली होती," मी म्हणालो.

सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मेलेल्या माणसाचं श्रेय काढून घेणारा हा कोण, हे त्या नजरांत स्वच्छ वाचता येत होतं. याने एकदा त्यांच्यावर आळ घेतला होता, हेही कोणीतरी शेजाऱ्याला सांगत असावं.

काकूंनी मान वळवली. "सर, तुमी तो फोटो मोठा करून पायला होता ना?"

"हो, काकू."

"भुवई दिसत होती?"

तिथे हो म्हणणं फार सोपं होतं. "नाही," मी म्हणालो.

काकू अध्यक्षांकडे वळल्या. "मंग काढा जी ते. नाही तं आम्हाले घरी जाऊन त्याइच्या फोटोसमोर कसं बसाचं?"

अध्यक्षांनी पेन मागितलं. कोणीतरी दिलं. त्यांनी कागदावर बऱ्याच रेघा मारल्या. नवीन पक्षी गेला, त्याच्यामागोमाग "महान"ही गेलं. उरलं ते दोन ओळींत वाचून झालं. हेतराम पटले यांनी तलाव मोजले. ते दोनदा मोजत.