भेसळ काढणाऱ्या मावशी

'नैसर्गिक चक्र' हे शब्द ऐकले की मला अजूनही शिसारी येते. चक्र खोटं नाही. आमच्या बियाणं केंद्रावर पावसाची आणि तापमानाची नोंद मी बावीस वर्षं ठेवली, माझ्या आधी दुसऱ्या कुणी ठेवली. दर दहा-बारा वर्षांनी एक हंगाम असा येतोच, की गव्हाचे दाणे भरायच्या वेळी उन्हाळा महिनाभर आधी येऊन बसतो. किळस येते ती हे शब्द तोंडात घोळवत हात झटकणाऱ्यांची. आणि त्यांच्यापुढे मान डोलावणाऱ्यांची, म्हणजे माझी.

पण सांगायचंय ते मावशींबद्दल. साहेबांपासून सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांचं काम भेसळ काढायचं. बियाण्याच्या प्लॉटमध्ये सगळी झाडं एकाच जातीची लागतात. वेगळं दिसेल ते, मग ते उंच असो, बुटकं असो, तांबूस लोंबीचं असो, मुळासकट उपटायचं. एकतीस वर्षं मावशी सकाळी, ऊन पाठीवर घेऊन, ओळीओळीनं चालल्या. डोळ्यांवर ऊन आलं की लोंबीचा रंग फसवतो म्हणायच्या. नवे पदवीधर चार फेऱ्या मारून "काही नाही" सांगत, आणि मागून मावशी मूठभर भेसळ घेऊन येत. "डोळे घरी ठेवून आलात का रे?" त्यांना या कामाचा ताठा होता आणि तो त्यांना शोभायचा.

घरात मात्र त्या हा शब्द चालवून घेत नसत. नातीचा एक डोळा काळा, एक घारा. तिची आत्या एकदा हसत "भेसळ झाली की हो" म्हणाली, तर मावशींनी तिला अर्ध्या चहावरून उठवलं. "माझ्या कामाचा शब्द माझ्या पोरीला लावायचा नाही," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

त्या वर्षी उन्हाळा तसाच लवकर आला. आठ दिवसांत अख्खा प्लॉट वाळला. सगळी झाडं एका रक्ताची. एकाला सोसेना ते कुणालाच सोसेना. लोंबी चोळली की हातात नुसता भुसा. मावशी मला दंडाला धरून आत घेऊन गेल्या. त्या वाळवंटात मधेमधे सतरा झाडं हिरवीगार उभी होती, टपोरे दाणे भरत आलेली.

"ही भेसळ. मागच्या फेरीतच उपटायची, पण हात धजेना," मावशी म्हणाल्या. "पंधरा दिवस मिळाले तर पिकतील. बी वेगळं ठेवू. पुन्हा असं ऊन आलं तर पेरायला काहीतरी असेल. तू चल माझ्याबरोबर, तुझी वही घे."

साहेब पंख्याखाली बसले होते. "मावशी, उद्या तपासणी आहे. भेसळ दिसली तर प्लॉट नापास."

"साहेब, प्लॉट जळालाय."

"ते नैसर्गिक चक्र आहे हो, त्याला कोण काय करणार? भेसळ मात्र आपली चूक धरतात."

मी नोंदवही पुढे केली. बारा वर्षांपूर्वी हेच, तेवीस वर्षांपूर्वीही हेच, तारखांसकट. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही, तिच्यावर चहाचा कप ठेवला. मी तो कप उचलून बाजूला ठेवायला हवा होता. मी मान डोलावली.

"मी नाही उपटणार," मावशी म्हणाल्या.

"मग उद्यापासून घरी बसा," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही जा."

मी गेलो. इतक्या वर्षांत मला भेसळ कधी धड ओळखता आली नव्हती. त्या दिवशी पारखी नजरेची गरजच नव्हती. जिवंत दिसेल ते उपटायचं, एवढंच. सतराची सतरा सापडली. मुळं इतकी घट्ट, की दोन्ही हात लावावे लागले. सगळी खताच्या खड्ड्यात फेकली, हात धुतले आणि जेवायला बसलो. जेवण गेलं, चांगलं दोन वेळा वाढून घेतलं, याचीच मला सगळ्यात जास्त किळस वाटते.

दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकारी त्या वाळक्या काड्यांमधून तासभर फिरले आणि कागदावर लिहिलं, 'भेसळ शून्य'. मावशी आपली चप्पल आणि पाण्याची बाटली न्यायला आल्या होत्या. अधिकारी त्यांना बऱ्याच वर्षांपासून ओळखत. "वा, मावशी! एकसुद्धा झाड सुटलं नाही. तुमच्या हाताला तोड नाही."

"माझा नाही हात," मावशी म्हणाल्या. "याचा." आणि माझ्याकडे बोट केलं.

अधिकाऱ्यांनी कौतुकानं माझा हात हातात घेतला आणि जोरात हलवला. मी "थँक्यू सर" म्हणालो.